जिन्याखालच्या मोरीतला एन्लार्जर: दीड वर्षाच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढं वाचायला नको. साडेसहा हजारांत घेतलेला, नावाची पट्टी केव्हाच गळून पडलेला, राखाडी रंगाचा जुना एन्लार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडायचं यंत्र): घेतला ते बरं केलं. ज्यानं विकला त्याच्याकडून परत काही घेणार नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीतल्या, ज्या टर्नरनं त्याला लेन्सची नवी प्लेट करून दिली, त्याला पाचपैकी पाच. आणि मोरी अंधारी करायला मी जो खर्च केला, त्यातला निम्मा फुकट गेला.

मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. फोटोच्या फिल्मवर असतं त्या सिल्व्हर ब्रोमाइडवर उजेड पडला की त्याचं विघटन होऊन चांदी सुटी होते, हे फळ्यावर लिहून मला सतरा वर्षं झाली. मागच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं, "मॅडम, तुम्ही कधी बघितलंय?" नव्हतं बघितलं. एवढ्यावरून हा सगळा उद्योग सुरू झाला. घरात सासऱ्यांचा जुना ३५ एमएम कॅमेरा होताच, पुढचं सामान गोळा होत गेलं.

जागा म्हणजे मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराची जिन्याखालची मोरी. चार फूट रुंद, साडेसहा फूट लांब. वरून जिना तिरका जातो, त्यामुळं एका टोकाला मी ताठ उभी राहते आणि दुसऱ्या टोकाला बसूनच काम. वर बाथरूम झाल्यापासून तिथं पाण्याचं बॅरेल, गणपतीचं मखर आणि कुणाच्यानं टाकवत नाही असलं सामान होतं. मखर माळ्यावर गेलं, बॅरेल राहिलं. ते पुढं फार कामाला आलं, कारण आमच्याकडं पाणी सकाळी येतं आणि प्रिंट रात्री होतात.

आता एन्लार्जर. विकणारा फोनवर म्हणाला होता, "एकदम चालू कंडिशन, फक्त पुसून घ्या." पार्सल सोडलं तर निगेटिव्ह कॅरिअर (निगेटिव्ह धरायची चौकट) गायब, लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, आणि वायर उंदरानं कुरतडलेली. परत फोन केला तर म्हणे, जुन्या मालात असं असतंच. असतं, मान्य. पण मग पुसायला काय सांगितलंत? जुना एन्लार्जर घेणाऱ्यांनी फोटोवर विश्वास ठेवू नये. एन्लार्जरचं डोकं वर-खाली करतानाचा आणि लेन्समधून टॉर्च मारलेला असे दोन व्हिडिओ मागवावेत. तेवढंही जो देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

मग पैसे कशाचे वसूल झाले? कॉलमचे. मनगटाएवढ्या जाडीचा पोलादी नळ, मागं डोक्याचं वजन तोलणारी स्प्रिंग, आणि कुठल्याही उंचीवर सोडलं तरी डोकं जिथल्या तिथं. ते पावसूतभर जरी खाली घसरलं तरी फोकस गेला म्हणून समजा. लेन्स बदलता येते, बल्ब बदलतो, कॅरिअर घरी करता येतो (महाद्वार रोडवरून आणलेल्या काळ्या माउंट बोर्डाचे दोन तुकडे आणि मध्ये २४ बाय ३६ एमएमची खिडकी; दीड वर्ष तोच वापरतेय). ढिला कॉलम मात्र कुणाला सुधारता येत नाही. कंडेन्सरची, म्हणजे बल्बचा उजेड एकवटणारी, दोन भिंगं साबणाच्या पाण्यानं धुतली, स्वच्छ निघाली. बेलोज, म्हणजे लेन्सवरचा घडीचा भाता, अंधारात आतून टॉर्च लावून तपासला, एकही भोक नाही.

बल्बचा किस्सा वेगळाच. बाबूराव पेंटरांनी स्वतःचा सिनेकॅमेरा ज्या गावात घडवला, खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभारून जे गाव १ डिसेंबरला त्याची पूजा करतं, त्या गावात मी एन्लार्जरचा दुधी बल्ब शोधत फिरले. एका दुकानदारानं मला सरळ फ्रिजचा बल्ब दाखवला. साधा पारदर्शक बल्ब चालत नाही, कंडेन्सरमधून त्याची तार आणि वरचं छापील नाव कागदावर उतरतं. शेवटी नऊ वॉटचा दुधी एलईडी लावला. फायदा असा की तो तापत नाही. जुन्या पद्धतीच्या बल्बच्या उष्णतेनं निगेटिव्ह मध्येच फुगतं आणि चालू एक्स्पोजरमध्ये फोकस सरकतो. तोटा म्हणजे काही एलईडी बंद केल्यावरही क्षणभर मंद तेवत राहतात. म्हणून मी एक्स्पोजर दहा सेकंदांच्या खाली कधी ठेवत नाही.

लेन्सची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्यामुळं उद्यमनगरची फेरी घडली. बुरशीवाली लेन्स बाद करून मी सेकंडहँड एल-निक्कोर ५० एमएम, एफ २.८ घेतली. ३५ एमएमच्या निगेटिव्हला ५० एमएमची लेन्स लागते, सहा बाय सहा सेंटिमीटरच्या निगेटिव्हला ७५ किंवा ८० ची. पण माझ्या एन्लार्जरच्या लेन्सबोर्डाचं भोक भलत्याच मापाचं. या लेन्सचे आटे ३९ एमएम व्यासाचे आणि इंचाला २६. व्यास मेट्रिक, आटे इंची, असा संकर. उद्यमनगरात तिघांनी हात झटकले. चौथ्यानं लेन्स हातात घेतली, आट्यांवर नख फिरवलं, ड्रॉवरमधनं आटे मोजायची गेजची पानं काढली आणि एकेक लावून बघायला लागला. "ह्ये इंग्रजी हाय मॅडम. पर व्यास काय इंग्रजी न्हाई." मी म्हटलं, तेच तर सांगतेय. "लेन्स ठेवून जावा. बसवूनच देतो." तिसऱ्या दिवशी अॅल्युमिनिअमची प्लेट तयार, आतून काळी अॅनोडाइज केलेली, म्हणजे उजेड परावर्तित होऊ नये हे त्याला मी न सांगता सुचलं होतं. लेन्स तीन वेढ्यांत बसली, ना घट्ट ना सैल. चारशे रुपये. चहा त्यानंच पाजला.

डिसेंबरमध्ये हे सगळं उभं राहिलं. टेबलाला जागा नव्हती, म्हणून भिंतीत दोन लोखंडी ब्रॅकेट ठोकले, त्यावर प्लायवूड आणि त्यावर एन्लार्जर. कॉलमचं वरचं टोकही पट्टीनं भिंतीला बांधलं, कारण डार्करूमबद्दल जे जे वाचलं त्यात हेच होतं: कॉलम भिंतीला जखडा, म्हणजे हलणार नाही. खाली ट्रेसाठी स्वयंपाकघरातली जुनी स्टीलची मांडणी, जिच्यावर पूर्वी ताटं-वाट्या असायच्या. सगळ्यात वर डेव्हलपर (चित्र उमटवणारा), मधे स्टॉप बाथ (ते उमटणं थांबवणारा), खाली फिक्सर (चित्र पक्कं करणारा). कागद एकेक मजला उतरत जातो. आठ बाय दहा इंची कागदाचे तीन ट्रे शेजारी शेजारी मांडायचे तर चार फूट जागा खर्ची पडते, मांडणीवर दीड फुटात भागतं. एवढ्या छोट्या जागेत याहून चांगली युक्ती मला अजून दिसलेली नाही. ओलं सगळं मांडणीकडं, कोरडं सगळं एन्लार्जरकडं, आणि एन्लार्जरचा स्विच डोक्याच्या उंचीवर, जिथं ट्रेमधून काढलेला ओला हात सहज जाणार नाही.

आता अंधार. काळं रेक्झिन, फेल्टच्या पट्ट्या, फोम, दाराला दुहेरी पडदा, असे बावीसशे रुपये मी आनंदानं उडवले. मग भर दुपारी आत बसून दार लावलं. पहिली दोन मिनिटं काळोख. पाचव्या मिनिटाला डोळे सरावले आणि एकेक चोर दिसायला लागला: बिजागरीपाशी एक रेघ, कडीच्या भोकात एक ठिपका, आणि सगळ्यात मोठा उजेड मोरीच्या तोंडातून, थेट गल्लीतला. तिथं बोळा कोंबला तर पाणी जायचं कुठून? शेवटी कळलं की रात्री नऊनंतर हे सगळे चोर आपोआप झोपतात. दाराला एक जाड सोलापुरी चादर पुरते. फिल्म टाकीत भरायला चेंजिंग बॅग (आत हात घालून काम करायची काळी पिशवी) आहेच, त्यासाठी खोली काळी करायची गरज नाही. तेव्हा दिवसा प्रिंट करायचा हट्ट नसेल, तर रेक्झिन आणू नका.

सेफलाइट, म्हणजे फोटोचा कागद न बिघडवणारा दिवा, म्हणून पहिल्यांदा सासूबाईंच्या देव्हाऱ्यातला लाल झिरोचा बल्ब पळवला. "देवाचा दिवा न्हेऊन अंधारात काय करायलीस गं?" त्यांना म्हटलं, एकच रात्र. एक रात्र पुरलीच, कारण तो नापास झाला. तपासणी अशी: कागदाला आधी एन्लार्जरखाली अगदी फिका राखाडी येईल एवढाच उजेड दाखवायचा, मग लाल दिव्याखाली त्यावर दर मिनिटाला एक रुपयाचं नाणं ठेवत जायचं आणि शेवटी डेव्हलप करायचं. पुष्कळजण कोरा कागद तसाच ठेवून तपासतात आणि फसतात. कोऱ्या कागदाला पहिला धक्का लागेपर्यंत तो काही दाखवत नाही, पण फोटो उमटायला लागलेला कागद थोड्याशा उजेडानंही काळवंडतो. माझ्या कागदावर नाण्यांच्या पांढऱ्या चकत्या पौर्णिमेच्या चंद्रासारख्या उठल्या. देव्हाऱ्याच्या बल्बचा लाल रंग बुडाशी उडालेला होता, तिथून पांढरा उजेड गळत होता. मग लाल एलईडी आणला, कागदापासून चार फुटांवर टांगला. सहा मिनिटांपर्यंत नाण्याचा मागमूस नाही. देवाचा दिवा देवाला परत.

जानेवारी-फेब्रुवारी झकास गेले. पंचगंगेचा घाट, तालमीच्या दारात लंगोट वाळत घातलेली दोरी, आमच्या गल्लीतली म्हैस. फोटोतले दाणे सुईनं टोचल्यासारखे टोकदार. आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात प्रिंट मऊ यायला लागले. पूर्ण आउट ऑफ फोकस म्हणावेत असे नाहीत, पण सगळ्यावर जणू दुधाची साय. शनिवारी-रविवारी जास्त, कारण तेव्हा मी उत्साहानं दुपारपासून बसायचे (रेक्झिनचे पैसे वसूल करायचे होते ना). लेन्स एफ ८ वर, फोकस भिंगातून तपासलेला, तरी साय.

संशय कुणावर घ्यायचा? उद्यमनगरावर. प्लेट तिरकी असेल तर कागदाची एक बाजू धारदार आणि दुसरी मऊ येते. माझ्याकडं सगळीच मऊ होती, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, पण माणसाला दुसऱ्याची चूक आधी दिसते. प्लेट घेऊन गेले. त्यानं ती सरफेस प्लेटवर ठेवली, डायल लावला, गोल फिरवली. काटा दोन घरं हलला, म्हणजे दोन शतांश मिलिमीटर. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "प्लेट सरळ हाय मॅडम. तुमचं घरच वाकडं असंल."

घरी आले, रविवारची दुपार होती, दार लावलं आणि फोकस बघायच्या भिंगाला डोळा लावला. हे भिंग बेसबोर्डवर ठेवायचं असतं, त्यातून निगेटिव्हचे दाणे दिसतात, प्रतिमा नाही, नुसते दाणे. एरवी ते वाळूसारखे गप्प पडलेले असतात. त्या दिवशी ते थरथरत होते. थरथरले, थांबले, परत थरथरले. तालात. मी डोळा न काढता तो ताल मोजत राहिले, आणि मग कानानं तोच ताल पकडला: धप्, धप्, धप्.

डंक.

आमच्या आणि शेजारच्या घराची भिंत एकच. पलीकडं खालच्या खोलीत चटणीचा डंक, म्हणजे मिरची कुटायचं यंत्र, आहे. एरवी तो आठवड्यातून दोन-चार तास चालतो, पण मार्च ते मे कोल्हापूरच्या निम्म्या घरांची वर्षाची चटणी कुटायची असते. दारात डब्यांची रांग, सकाळी नऊपासून दिवसभर मिरची. आणि मी शहाणी, ज्या भिंतीला तो डंक धडका देत होता, त्याच भिंतीत ब्रॅकेट ठोकून, वर कॉलमही त्याच भिंतीला जखडून बसले होते. ज्याला आधार समजले होते तोच हलवत होता. वर मिरचीचा खाट मोरीच्या तोंडातून आत. बारा सेकंदांचं एक्स्पोजर चालू असताना ठसका दाबून धरणं काय असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत.

इलाज दोनशे सत्तर रुपयांत झाला. ब्रॅकेट काढले, वरची पट्टी सोडली. फरशीवर सिमेंटचे चार ठोकळे, प्रत्येकावर सायकलच्या ट्यूबचे दुमडलेले तुकडे, त्यावर कडप्प्याची लादी आणि लादीवर एन्लार्जर. भिंतीपासून चार बोटं अंतर, कुठंही स्पर्श नाही. पुढच्या रविवारी भिंगात बघितलं: डंक चालू, दाणे जवळजवळ गप्प. चार बाय पाचच्या प्रिंटमध्ये फरक ओळखू येत नाही. आठ बाय दहाला अजूनही येतो, कारण जमीनही थोडी हलतेच. म्हणून मोठे प्रिंट डंक बंद झाल्यावरच. टर्नरला जाऊन सांगितलं की घरच वाकडं होतं. तो हसला नाही, नुसती मान हलवली.

जखडायचं ते नेहमी शांत भिंतीला किंवा जमिनीवर. शेजारी गिरणी, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, बोळातून जाणारी ट्रॉली, काहीही असू शकतं. आधी भिंगात दाणे बघा, मग भिंतीला भोकं पाडा.

उकाड्याचा प्रश्न याच्याही पुढचा. डेव्हलपरचे सगळे तक्ते २० अंशांवर मांडलेले असतात. एप्रिलमध्ये आमच्या बॅरेलचं पाणी ३० अंश भरतं. आरसी (प्लॅस्टिकचा थर दिलेल्या) कागदाला त्यानं फारसं बिघडत नाही, मिनिटाऐवजी पाऊण मिनिटात काम उरकतं. फिल्म मात्र असला आगाऊपणा खपवून घेत नाही. इलफोर्ड एचपी५ प्लस फिल्मला आयडी-११ डेव्हलपरच्या मूळ द्रावणात २० अंशाला साडेसात मिनिटं. पाणी गरम तसा वेळ कमी, आणि वेळ पाच मिनिटांच्या खाली गेला की डेव्हलपमेंट डागाळते. यावर दोन उपाय केले. एक, द्रावण निम्मं पाणी घालून वापरायचं, म्हणजे २० अंशाला १३ मिनिटं होतात आणि २४ ला नऊ-सव्वानऊ, हातात वेळ राहतो. दुसरा उपाय स्वयंपाकघरात होता: माठ. लॅबचा थर्मामीटर बुडवला तर नळाला ३० असताना माठात २४. बर्फ टाकायचा, वितळेपर्यंत थांबायचं, मग जास्तच गार झालं म्हणून कोमट ओतायचं, ही कटकटच संपली. आता डेव्हलपरची बाटली संध्याकाळपासून माठाच्या पाण्यानं भरलेल्या बादलीत बसते. पावसाळ्यात हवा दमट, बाष्पीभवन होत नाही, माठ निकामी. पण तेव्हा नळाचंच पाणी गार असतं.

डेव्हलपर मी घरी करते. हा भाग वाचून कुणी घाबरू नये, तयार पुडी आणली तरी चालते. १९२०च्या दशकात कोडॅकनं काढलेला डी-७६ (आयडी-११ त्याच्यासारखाच) हा जगातला बहुधा सगळ्यात जास्त वापरला गेलेला फिल्म डेव्हलपर, आणि त्याची कृती उघडी आहे: एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. पाणी साधारण ५० अंश, पण क्रम सांभाळायचा. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेलं सगळं. सल्फाइट आधी पूर्ण ओतलं तर मेटॉल विरघळायला तयार होत नाही, आणि अजिबात सल्फाइट नसेल तर हवेनं लगेच तपकिरी पडतं. चिमूट म्हणजे किती, असं मुलांनी विचारलं असतं तर मी रागावले असते. मेटॉलनं हाताला पुरळ उठतं, हातमोजे घालाच. मी पहिल्यांदा घातले नव्हते, आठवडाभर खडूही धरवला नाही.

स्टॉप बाथला किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर दुप्पट पाणी घालून. वास येतो, पण मिरचीच्या खाटापुढं तो काहीच नाही. फिल्मच्या शेवटच्या धुण्याला बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर वापरा. आमच्या बोअरच्या पाण्यानं धुतलेल्या पहिल्या दोन रोलांवर क्षाराचे ठिपके कायमचे बसलेत, म्हशीच्या अंगावर गोचीड बसल्यासारखे.

पॅटरसनची टाकी उत्तम. एका ३५ एमएम रोलला २९० मिलिलिटर लागतं, हे तिच्या बुडाशीच लिहिलेलं आहे. प्लॅस्टिकचं रीळ मात्र खडखडीत कोरडं हवं, नाहीतर फिल्म अर्ध्यात अडकते आणि अंधाऱ्या पिशवीत हात घालून माणूस रडकुंडीला येतो. जुलैत मी रीळ आधी तांदळाच्या डब्यात ठेवते.

कागद इलफोर्डचा मल्टिग्रेड आरसी. यावर मी तासभर बोलू शकते, इथं आवरते. पूर्वी मऊ, मध्यम, कडक अशा प्रत्येक कॉन्ट्रास्टला (काळ्या-पांढऱ्यातल्या फरकाला) वेगळा कागद घ्यावा लागायचा. १९४० मध्ये इलफोर्डनं मल्टिग्रेड आणला, त्याच्या थरात निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला वेगवेगळा प्रतिसाद असतो. पिवळा फिल्टर निळा अडवतो, प्रिंट मऊ येतो. मॅजेंटा फिल्टर हिरवा अडवतो, प्रिंट कडक येतो. म्हणजे एकाच पाकिटात सगळे कागद. आठ बाय दहाचा एक कागद शंभर रुपयांच्या वर जातो, म्हणून मी पहिले सहा महिने एकाचे चार करून वापरले आणि टेस्ट स्ट्रिपला (उजेडाची वेळ ठरवायच्या चाचणीला) त्यातही बोटभर पट्ट्या. फायबर (प्लॅस्टिकचा थर नसलेल्या) कागदाचा प्रिंट नि:संशय जास्त देखणा, पण तो तासभर धुवावा लागतो. आरसीला दोन मिनिटं पुरतात. ज्यांच्याकडं पाणी सकाळी येऊन जातं, त्यांनी फायबरचा विचार पाऊस लागल्यावर करावा.

एन्लार्जरबरोबर खोक्यात इंदूच्या कागदाचं एक पाकीट आलं होतं, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचं, न उघडलेलं. फार आशेनं वापरलं, सगळा कागद सारखा राखाडी आला. दोष वयाचा. पण उन्हात त्यावर पिंपळाची, कढीपत्त्याची पानं ठेवली की एन्लार्जरशिवाय, डेव्हलपरशिवाय, सरळ डोळ्यांदेखत जांभळट-तपकिरी ठसे उमटतात. ते मी वर्गात नेलं. मागच्या बाकावरचा तो पोरगा तेव्हा बारावी होऊन गेला होता, पण बाकीच्यांनी खिडकीपाशी गर्दी केली.

वापरलेला फिक्सर गटारात ओतू नका. त्यात चांदी असते. मी तो कॅनमध्ये साठवते आणि त्यात फर्निचर पॉलिशवाले वापरतात ती लोखंडी वूल टाकते. लोखंड द्रावणात जातं, चांदी काळ्या गाळाच्या रूपानं खाली बसते. भांडी घासायची चकचकीत घासणी चालत नाही, ती स्टेनलेस असते आणि ढिम्म बसून राहते (हे मला माहीत असायला हवं होतं, तरी मी एक वाया घालवलीच). बरणीत साठलेला गाळ बघून सासूबाईंनी विचारलं, "हुपरीला दिलं तर पैंजण हुतील का गं?" म्हटलं, आई, एका पायाचं जोडवंसुद्धा व्हायचं नाही. "मग एवढं राबायलीस कशाला?" त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण बरणी त्यांनीच नीट झाकण लावून फडताळात ठेवली.

गुण द्यायचेच तर एन्लार्जरला पाचपैकी साडेतीन. एक गुण कॅरिअर आणि वायरीसाठी कापला, अर्धा फिल्टरला खाच नसल्यासाठी. मी फिल्टर लेन्सखाली हातानं धरते, त्यामुळं बोटांचे ठसे पडतात. ७५ किंवा ८० एमएमची लेन्स अजून शोधतेय. कुणाकडं कपाटात पडून असेल आणि आतून टॉर्च मारलेला व्हिडिओ पाठवायची तयारी असेल, तर कळवा. दुसऱ्या प्लेटचं माप टर्नरनं आधीच वहीत लिहून ठेवलंय.

आत्ता मे चाललाय. काल डंकवाल्या भाऊंना विचारलं, रात्री किती वाजेपर्यंत? "पाऊस पडंस्तवर साडेआठ, वहिनी. तुमचा नंबर रविवारी हाय, डबा मोठा आणा." सासूबाईंनी मिरच्या वाळत घातल्यात, ब्याडगी आणि संकेश्वरी, आणि नेमक्या मोरीच्या दारात. रविवारी आमचाच माल पडणार, त्यामुळं प्रिंट सोमवारी.